पोर्ट उघडलं तरी फाइल पोहोचत नाही? घरच्या इंटरनेटवर या चुका टाळा

राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगचा, म्हणजे बाहेरून ठरावीक क्रमांकाच्या दारावर (पोर्टवर) आलेली जोडणी कॉम्प्युटरकडे वळवण्याचा, नियम टाकला, सेव्ह केला, राउटर बंद करून चालू केला, तरी टॉरेंट चालवणाऱ्या क्यूबिटटॉरेंटच्या तळाशी, बाहेरून कुणी आत येत नाही असं सांगणारी, तीच ज्योत पेटलेली. दोन यंत्रांमधल्या फाइली जुळत्या ठेवणारं सिंकथिंग चालतंय, पण रिलेमधून, म्हणजे तिसऱ्याच सर्व्हरवरून, मुंगीच्या पावलांनी. मग बहुतेक जण नियम पुसतात, पुन्हा टाकतात, पोर्टचा आकडा बदलून बघतात. अख्खा रविवार जातो आणि हाती काही लागत नाही, कारण कुलूप भलत्याच दाराला असतं.

बाहेरून येणाऱ्या जोडणीला तुमच्या कॉम्प्युटरपर्यंत यायला चार दारं ओलांडावी लागतात: इंटरनेट कंपनीचं जाळं, फायबरचा डबा म्हणजे ओएनटी, तुम्ही वेगळा घेतलेला राउटर असेल तर तो, आणि कॉम्प्युटरची फायरवॉल, म्हणजे नको त्या जोडण्या अडवणारा पहारेकरी. शिवाय आत त्या पोर्टवर ऐकणारा प्रोग्रॅम चालू हवा. यातलं कुठलंही दार बंद असलं तरी स्क्रीनवर लक्षण एकच दिसतं. म्हणून आधी कुठलं दार बंद आहे ते शोधा, मगच किल्ली फिरवा.

सगळ्यात महागात पडणारी चूक: वॅन आयपी न बघणं

ओएनटीच्या पानावर लॉगिन करा. पत्ता बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ असतो आणि पासवर्ड डब्याखालच्या स्टिकरवर. ‘स्टेटस’मध्ये वॅनचा, म्हणजे इंटरनेटकडच्या बाजूचा, आयपीव्ही४ पत्ता (टिंबांनी तोडलेले चार आकडे) दिसेल, तो कागदावर लिहून घ्या. मग व्हीपीएन बंद करून, ‘माझा आयपी कुठला’ हे दाखवणारी कुठलीही वेबसाइट उघडा. दोन्ही पत्ते तंतोतंत जुळले तर तुमच्याकडे सार्वजनिक पत्ता आहे आणि पुढची मेहनत सार्थकी लागेल.

जुळले नाहीत तर वॅनचा आकडा नीट वाचा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यात असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. हा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. आयपीव्ही४ पत्ते संपत आले होते. आशिया-पॅसिफिकची नोंदणी संस्था १५ एप्रिल २०११ लाच आपल्या शेवटच्या गठ्ठ्यावर आली होती. आकडा १० ने सुरू होत असेल, किंवा १७२.१६ ते १७२.३१ मधला असेल, तरी अर्थ बहुधा तोच. स्थानिक केबलवाल्यांच्या फायबरवर हे आकडे हमखास दिसतात.

सीजीनॅटमध्ये एकच सार्वजनिक पत्ता कितीतरी घरांत वाटलेला असतो. तुम्ही आतून बाहेर काही मागवलं की कंपनीच्या यंत्रात त्याची नोंद होते आणि उत्तर बरोबर तुमच्या घरी येतं. पण बाहेरचा कुणी आपणहून आला तर त्याची नोंदच नसते. कुरिअरवर फक्त सोसायटीचं नाव, फ्लॅट नंबर नाही, अशी गत. पार्सल गेटवरूनच परत जातं आणि तुमच्या राउटरमधला नियम त्या पार्सलचं तोंडही बघत नाही. नियम दहा वेळा टाकला तरी फरक पडणार नाही तो यामुळे. यूपीएनपीवरही, म्हणजे प्रोग्रॅमने राउटरकडून आपोआप पोर्ट उघडून घेण्याच्या सोयीवरही, इथे विश्वास टाकू नका. राउटर प्रोग्रॅमला ‘पोर्ट उघडलं’ असं प्रामाणिकपणे कळवतो, पण त्याने उघडलेलं असतं ते फक्त स्वतःचं दार.

टेलस्केल (दूरची यंत्रं एका खासगी जाळ्यात जोडणारा प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. ते कॉम्प्युटरला जो १०० ने सुरू होणारा पत्ता देतं, तो याच पट्ट्यातला असतो. त्यामुळे निदान करताना कॉम्प्युटरवरचा पत्ता बघू नका, राउटरच्या वॅनचाच बघा.

कस्टमर केअरला फोन करून ‘माझं पोर्ट उघडा’ म्हणू नका. समोरचा तुम्हाला डबा रीस्टार्ट करायला सांगेल. ‘माझ्या वॅनवर सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता हवा’ एवढं नेमकं सांगा. स्टॅटिक, म्हणजे कायम तोच राहणाऱ्या, पत्त्याला बहुतेक ठिकाणी वेगळे पैसे पडतात. खरं तर फाइल शेअरिंगला स्टॅटिकची गरजच नाही. बदलता पण सार्वजनिक पत्ता मिळाला तर डायनॅमिक डीएनएसवर, म्हणजे पत्ता बदलला तरी त्याच्याकडे नेणाऱ्या कायमच्या नावावर, काम भागतं. उलट, सीजीनॅटमागे डायनॅमिक डीएनएस लावणं ही शुद्ध चूक: ते नाव कंपनीच्या यंत्राकडे बोट दाखवत राहतं. पत्ता मिळाल्याचा मेसेज आल्यावर ओएनटी बंद-चालू करा आणि दोन्ही आकडे पुन्हा जुळवून बघा. जुनं सत्र चालू असेपर्यंत जुनाच पत्ता राहतो.

आयपीव्ही६ हाताशी असून न वापरणं

ज्या कनेक्शनवर आयपीव्ही४ सीजीनॅटमागे आहे, त्यावर बऱ्याचदा आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांचा नवा प्रकार, मात्र खुला असतो. त्यात प्रत्येक यंत्राला स्वतःचा जागतिक पत्ता मिळतो, २ किंवा ३ ने सुरू होणारा. ‘एफई८०’ने सुरू होणारा पत्ता फक्त घरातल्या घरात चालतो, तो बाहेर कुणाला देऊन उपयोग नाही.

इथे फॉरवर्डिंग नसतं, फक्त राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये त्या यंत्राच्या त्या पोर्टपुरती परवानगी द्यायची. काही स्वस्त ओएनटींमध्ये असा नियम टाकायची सोयच नसते, अख्खी फायरवॉल बंद करायचं बटण तेवढं असतं. ते दाबू नका. कॉम्प्युटरला स्वतःची फायरवॉल आहे, पण हॉलमधला टीव्ही आणि दारावरचा कॅमेरा उघडा पडेल. विंडोज एकाच वेळी दोन-तीन आयपीव्ही६ पत्ते दाखवतं. त्यातला ‘टेम्पररी’ लिहिलेला वापरलात तर काही दिवसांत जोडणी तुटेल. आणि पलीकडच्या माणसाकडेही आयपीव्ही६ हवा. आपल्याकडच्या मोबाइल डेटावर तो सहसा असतो, परदेशातल्या नातेवाइकाच्या ऑफिसात असेलच असं नाही.

दोन राउटर, नियम एकातच

वॅनवर १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर बहुधा तुम्ही स्वतःच्या राउटरचं पान बघताय आणि त्याच्यापुढे कंपनीचा ओएनटीही राउटरचंच काम करतोय. नियम दुसऱ्यात टाकला, पण पहिल्याला त्याची खबर नाही. सोपा उपाय म्हणजे आपला राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाकणं, म्हणजे तो फक्त वाय-फाय देतो, राउटरचं काम करत नाही. तो मोड नसेल तर त्याचं डीएचसीपी (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटायचं काम) बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता ओएनटीशी न भांडणारा ठेवा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२, आणि ओएनटीकडून येणारी केबल वॅनऐवजी लॅनच्या, म्हणजे घरातल्या यंत्रांसाठीच्या, खाचेत घाला. मग नियम एकट्या ओएनटीत टाकायचा. हा पत्ता डीएचसीपीच्या पट्ट्याबाहेरचा असेल हे मात्र बघून घ्या.

दुसरी वाट ब्रिज मोडची, म्हणजे ओएनटीने राउटरचं काम सोडून जोडणी सरळ तुमच्या राउटरकडे द्यायची. त्यासाठी कनेक्शनच्या लॉगिनचं (पीपीपीओई) युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन नंबर कंपनीकडून आधी हातात घ्या. हे न घेता ब्रिज मोड चालू केला की घरातलं इंटरनेट बंद, आणि केबलवाला येईपर्यंत बसून राहायचं. ओएनटीला लँडलाइन जोडलेली असेल तर तीही मुकी होऊ शकते, तेव्हा आधी विचारून घ्या.

नियमातल्या बारीक चुका

ओएनटीच्या पोर्ट फॉरवर्डिंगच्या पानावर ‘वॅन’ निवडायची एक यादी असते, आणि तिथेच पुष्कळ जण फसतात. यादीत एकाखाली एक लांबलचक नावं असतात: एकात ‘टीआर०६९’, एकात ‘व्हीओआयपी’, एकात ‘इंटरनेट’. पहिलं नाव आपोआप निवडलेलं असतं आणि ते पुष्कळदा कंपनीने डबा दुरून सांभाळण्यासाठी ठेवलेलं असतं. ज्या नावात ‘इंटरनेट’ हा शब्द आहे तेच निवडा. चुकीचं निवडलं तरी पान तक्रार करत नाही, नियम सेव्ह होतो आणि शांत पडून राहतो.

नियम कॉम्प्युटरच्या घरगुती पत्त्यावर बांधलेला असतो. आज तो १९२.१६८.१.५ आहे, वीज जाऊन आली की १९२.१६८.१.९ होईल. म्हणून डीएचसीपी रिझर्व्हेशन करा, म्हणजे त्या कॉम्प्युटरसाठी एकच पत्ता राखून ठेवा. राउटर कॉम्प्युटरला मॅक पत्त्यावरून ओळखतो, आणि वाय-फाय व केबल यांचे मॅक पत्ते वेगळे असतात. रिझर्व्हेशन वाय-फायवर असताना केलं आणि नंतर केबल लावली, की पत्ता बदलला आणि नियम अधांतरी राहिला. विंडोजच्या वाय-फाय सेटिंगमध्ये ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेस’ चालू असेल तर तेही बंद करा.

प्रोटोकॉल, म्हणजे डेटा पाठवायची पद्धत, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही ठेवा. सिंकथिंग २२००० दोन्हींवर वापरतं आणि टॉरेंटलाही दोन्ही लागतात. टॉरेंटसाठी ६८८१ ते ६८८९ हा जुना पट्टा टाळा, त्यावर अडवणूक होण्याची शक्यता जास्त. ४९१५२ च्या वरचा आकडा घ्या असं सगळीकडे सांगतात, पण विंडोजवर हायपर-व्ही किंवा डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत दुसरी सिस्टिम चालवायच्या सोयी) असेल तर त्या भागातले गठ्ठेच्या गठ्ठे विंडोज स्वतःसाठी अडवून ठेवतं आणि प्रोग्रॅमला पोर्ट मिळत नाही. लिनक्स बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठी ३२७६८ पासून पुढचे आकडे वापरतं. म्हणून २०००० ते ३०००० मधला एखादा आकडा घ्या, सिंकथिंगचा २२००० सोडून. क्यूबिटटॉरेंटमध्ये दर वेळी नवं पोर्ट घ्यायचा पर्याय चालू नाही ना, तेही बघा.

विंडोजमध्ये एकदा दाबलेलं ‘कॅन्सल’

प्रोग्रॅम पहिल्यांदा चालू झाला की विंडोजची फायरवॉल परवानगी विचारते. घाईत ‘कॅन्सल’ दाबलं, की विंडोज त्या प्रोग्रॅमसाठी अडवणारे दोन नियम तयार करून ठेवतं, एक टीसीपीचा आणि एक यूडीपीचा. पुढे तुम्ही पोर्टला परवानगी देणारा नवा नियम केलात तरी उपयोग नाही, कारण अडवणारा नियम नेहमी वरचढ ठरतो. ‘विंडोज डिफेंडर फायरवॉल विथ ॲडव्हान्स्ड सिक्युरिटी’ उघडा, ‘इनबाउंड रूल्स’मध्ये प्रोग्रॅमचं नाव शोधा आणि लाल खूण असलेले नियम काढून टाका. मग परवानगीचा नियम करा.

नवा राउटर लावला की विंडोज त्याला नवं नेटवर्क समजतं आणि बहुधा ‘पब्लिक’ ठरवतं. तुमचा नियम ‘प्रायव्हेट’पुरता असेल तर तो गप्प बसतो. घरचं नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करून घ्या. वेगळा अँटिव्हायरस असेल तर फायरवॉल बहुतेक त्याच्या ताब्यात असते, मग हेच सगळं तिथे तपासा.

खातरजमा करायला ‘रिसोर्स मॉनिटर’ उघडा, ‘नेटवर्क’ टॅबमध्ये खाली ‘लिसनिंग पोर्ट्स’ बघा. तुमच्या प्रोग्रॅमसमोर तुमचा आकडा दिसतोय का? पत्त्याच्या जागी फक्त लूपबॅक (कॉम्प्युटरचा स्वतःपुरता पत्ता) लिहिलं असेल तर प्रोग्रॅम बाहेरच्यांचं ऐकतच नाहीये, त्याच्या सेटिंगमध्ये बदल करा. शेवटच्या रकान्यात फायरवॉलने परवानगी दिली की नाही तेही लिहिलेलं असतं.

तपासणीच चुकली तर

पोर्ट तपासणारी वेबसाइट उघडली, पण प्रोग्रॅम बंद. मग उत्तर ‘बंद’ असंच येणार. दारामागे कुणी नसेल तर दार उघडं असूनही ‘या’ कोण म्हणणार? शिवाय या वेबसाइट बहुतेक फक्त टीसीपी तपासतात, यूडीपीबद्दल त्यांच्यावरून काही ठरवू नका.

घरच्याच वाय-फायवरून स्वतःचा सार्वजनिक पत्ता उघडून बघणं हीही नेहमीची चूक. बाहेर जाऊन तिथूनच आत वळायचं हे काम अनेक राउटरना जमत नाही. फोनचं वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर तपासा. क्यूबिटटॉरेंटची ज्योत तर कुणी खरंच आत आल्याशिवाय विझत नाही, म्हणून चांगले पिअर (तीच फाइल वाटून घेणारे इतर लोक) असलेला एखादा टॉरेंट चालू ठेवा, एखाद्या लिनक्स डिस्ट्रोची आयएसओ चालेल, आणि थोडा वेळ थांबा.

नकार कसा येतो याकडे लक्ष द्या. लगेच ‘नाकारलं’ असं आलं तर पॅकेट कुठल्यातरी यंत्रापर्यंत पोहोचलंय, तिथे ऐकणारा नाही. बहुधा प्रोग्रॅम बंद आहे किंवा घरगुती पत्ता चुकलाय. बराच वेळ नुसतं फिरत राहून ‘टाइमआउट’ झालं तर वाटेत कुणीतरी ते गुपचूप टाकून दिलंय. मग फायरवॉल, दुसरा राउटर, नाहीतर सीजीनॅट. अर्धी तपासणी एवढ्यावरच उरकते. कॉम्प्युटरवर व्हीपीएन चालू असेल तर येणारी वाट त्या बोगद्यातून जाते, राउटरमधला नियम तेव्हा निरुपयोगी.

हे पोर्ट उघडू नका

काहीच जमेना म्हणून कॉम्प्युटर राउटरच्या ‘डीएमझेड’ या पर्यायात टाकणं म्हणजे त्याची सगळी ६५५३५ पोर्ट रस्त्यावर मांडणं. विंडोज शेअरिंगचं ४४५ तर कधीच बाहेर उघडू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला तो याच वाटेने, आणि अनेक इंटरनेट कंपन्या ते मुळातच अडवतात, ते योग्यच आहे. नॅसचं, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या फाइल साठवायच्या यंत्राचं, लॉगिन पानही असंच. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर व्हायरसने इंटरनेटवर उघडी असलेली क्यूनॅप कंपनीची नॅस यंत्रं कुलूपबंद केली, तेव्हा क्यूनॅपनेच ग्राहकांना राउटरचं पोर्ट फॉरवर्डिंग आणि नॅसचं यूपीएनपी बंद करायला सांगितलं. घरच्यांना लग्नाचे फोटो-व्हिडिओ द्यायचे असतील तर एसएफटीपी (फाइली सुरक्षितपणे पाठवायची पद्धत) वापरा. एकच पोर्ट लागतं, आणि पासवर्डऐवजी डिजिटल किल्ली (‘की’ फाइल) ठेवा. साध्या एफटीपीला २१ उघडूनही फाइलींची यादी येत नाही, कारण डेटा दुसऱ्याच पोर्टवरून जातो. त्यात पासवर्डही उघडा फिरतो, म्हणून ते सोडाच.

सार्वजनिक पत्ता मिळतच नसेल तर पोर्टचा हट्ट सोडा. टेलस्केल किंवा तसंच झीरोटियर दोन्ही टोकांना आतून बाहेर जायला लावून त्यांची गाठ घालून देतं, आणि बऱ्याच सीजीनॅटमधूनही थेट जोडणी होते. सिंकथिंगमध्ये समोरच्या यंत्राच्या माहितीत जोडणीचा प्रकार बघा: ‘रिले’ लिहिलं असेल तर फाइल तिसऱ्याच सर्व्हरवरून फिरून येतेय, ‘क्विक’ किंवा ‘टीसीपी’ असेल तर थेट.

पोर्ट खरंच उघडल्यावर काही तासांनी घरातल्या कुणाचंच व्हॉट्सॲप चालेनासं झालं आणि राउटर बंद-चालू केल्यावर ठीक झालं, तर दोष पोर्टचा नाही. स्वस्त राउटरची नॅटची वही, म्हणजे चालू जोडण्यांच्या नोंदींची जागा, भरून जाते. क्यूबिटटॉरेंटमध्ये एकूण जोडण्यांची मर्यादा ५०० असेल तर २०० वर आणा, अपलोडला प्रत्यक्ष वेगाच्या ऐंशी टक्क्यांवर थांबवा आणि एक रात्र चालवून बघा.