कॅराव्हॅन, समुद्रकाठ आणि आपण दोघं: निघण्याआधी ठरवायच्या गोष्टी

कॅराव्हॅन घेऊन किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरायचं ठरलं की बहुतेक जोडपी आधी नकाशा उघडतात. आम्ही तो शेवटी उघडतो. त्याआधी दोन गोष्टी पक्क्या करतो: कुठलं काम कुणाचं, आणि त्या दिवसांत अमावास्या किंवा पौर्णिमा येते आहे का. मुक्काम कुठे, रोज किती अंतर कापायचं, हे त्यानंतर ठरतं. आमच्याकडे गाडी मी चालवते. वजनं, गॅस आणि पाणी नवऱ्याच्या ताब्यात. पुढचं सगळं गाडीमागे ओढायच्या कॅराव्हॅनबद्दल आहे. ज्यांची कॅराव्हॅन आणि गाडी एकच आहे, त्यांनी जोडणीचा आणि मागे घेण्याचा भाग सोडून दिला तरी चालेल.

कामांचं आधी. ‘दोघं मिळून करू’ हे घरात ठीक असतं. इथे मात्र दोघं मिळून केलेलं काम दुसऱ्यानं केलं असं प्रत्येकाला वाटतं आणि छतावरची खिडकी उघडी राहते. म्हणून प्रत्येक कामाला एकच धनी. जोडणी नवरा करतो आणि तेव्हा मी त्याला हाक मारत नाही, चहाबद्दलही विचारत नाही. कपलिंग, म्हणजे कॅराव्हॅनच्या तोंडाची पकड, गाडीच्या मागच्या हिचवर (जोडणीच्या गोळ्यावर) बसलं की पुढचं जॉकी व्हील, म्हणजे तोंडाखालचं छोटं चाक, थोडं खाली फिरवून तो गाडीचा मागचा भाग किंचित उचलून बघतो. कपलिंग सुटलं नाही म्हणजे बसलंय. मग कॅराव्हॅन सुटलीच तर तिचा ब्रेक ओढणारी केबल गाडीला अडकवायची, विजेचा प्लग लावायचा, जॉकी व्हील वर घेऊन घट्ट करायचं, चारही कोपऱ्यांचे पाय वर घ्यायचे आणि कॅराव्हॅनचा हँडब्रेक सोडायचा. एवढं झालं की मी एक फेरी मारते आणि प्रत्येक गोष्ट डोळ्यांनी बघते. ‘लावलंस ना?’ असं विचारणं म्हणजे तपासणं नव्हे. शेवटी एकानं गाडीत बसून ब्रेक आणि इंडिकेटर द्यायचे, दुसऱ्यानं मागे उभं राहून मोठ्यानं सांगायचं.

आता वजन, कारण रस्त्यावरच्या मोठ्या भानगडी इथूनच सुरू होतात. कॅराव्हॅन म्हणजे चाकांवर तोललेली तराजूची दांडी. मागच्या टोकाला वजन टाकलं की पुढचं टोक हलकं होतं, आणि पुढचं टोक हलकं असलेली कॅराव्हॅन वेगात शेपूट हलवायला लागते. म्हणून जड सामान जमिनीलगत आणि चाकांच्या जवळ ठेवायचं. हलकं सामान वरच्या कपाटांत. मागच्या स्टँडवर दोन सायकली लावायचा मोह सगळ्यांना होतो. त्या सायकलींचं वजन फार नसतं, पण त्या चाकांपासून सगळ्यात लांब लटकतात, त्यामुळे त्यांचा परिणाम वजनाच्या मानानं बराच जास्त होतो. आमच्या सायकली गाडीच्या टपावर जातात.

हिचवर किती भार यावा याचा अंदाज देशागणिक वेगळा आहे. युरोपात कॅराव्हॅनच्या भरलेल्या वजनाच्या साधारण 5 ते 7 टक्के धरतात, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत 10 टक्के किंवा त्याहून जास्त. कॅराव्हॅनची बांधणी आणि चाकांची जागाच तिथे वेगळी असते. आपल्या गाडीच्या आणि हिचच्या पुस्तिकेत जी कमाल मर्यादा लिहिली आहे ती मात्र कुठेही ओलांडायची नाही. नवशिक्यांसाठी आणखी एक जुना नियम आहे: भरलेली कॅराव्हॅन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या 85 टक्क्यांच्या आत असावी. पाण्याचा हिशेब सोपा, एक लिटर म्हणजे एक किलो. पुढच्या मुक्कामी पाणी मिळणार असेल तर साठ लिटरची टाकी भरून साठ किलो उगाच ओढत नेण्यात काही अर्थ नाही.

तरीही उतारावर, मोठा ट्रक बाजूनं गेल्यावर किंवा आडव्या वाऱ्यात शेपूट हललंच, तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि वेग आपोआप कमी होऊ द्यायचा. जोरात ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग इकडेतिकडे फिरवून सावरायलाही जायचं नाही. शेजारी बसलेल्याचं काम एकच: गप्प बसणं. हे घरून निघतानाच ठरवून टाकावं, कारण त्या क्षणी सुचत नाही.

टायरची नक्षी शाबूत दिसते म्हणून फसू नका. कॅराव्हॅन वर्षातले बरेच महिने उभी असते आणि तिचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. टायरच्या बाजूला कोरलेले शेवटचे चार आकडे बघा: 2321 म्हणजे 2021 सालचा 23वा आठवडा. पाच वर्षं उलटली की टायर कारागिराला दाखवावा आणि सातच्या पुढे अजिबात जाऊ नये, असं माझं मत. चाक काढून लावलं असेल तर पन्नासेक किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा पान्यानं तपासायचे.

गाडी मागे घेणं हा जोडप्यांच्या भांडणाचा खास विषय. मुक्कामाच्या जागी चार लोक खुर्च्या टाकून बसलेले असतात, एक जण स्टिअरिंगवर, दुसरा मागे उभा राहून दोन्ही हात हलवतोय आणि ‘अगं थांब, थांब, अगं तिकडे नाही’ असं ओरडतोय. यात चूक त्या दोघांची नसते, पद्धत ठरलेली नसते एवढंच. आमची पद्धत अशी. सांगणाऱ्यानं कायम ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशात दिसेल असं उभं राहायचं. मला तो दिसेनासा झाला की मी थांबते, कारण विचारत नाही. डावं-उजवं म्हणायचं नाही, कुणाचं डावं हा घोळ होतोच. त्याऐवजी हातानं दाखवायचं की कॅराव्हॅनची मागची बाजू कुठे जायला हवी. वर उचललेला तळहात म्हणजे थांब, आणि ‘थांब’ हा एकच शब्द मोठ्यानं बोलायचा. बाकी फोन स्पीकरवर ठेवून हळू आवाजात बोललं तरी पुरतं. स्टिअरिंगवर बसणाऱ्यासाठी युक्ती अशी की हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा. कॅराव्हॅनचं मागचं टोक ज्या बाजूला न्यायचं त्या बाजूला तो हात सरकवायचा. तिरकं व्हायला लागलं की लगेच थोडं पुढे येऊन सरळ करायचं आणि पुन्हा मागे. पुढे येण्यात कमीपणा नाही. हा सराव मोकळ्या मैदानात आधीच करावा आणि दोघांनीही करावा. एकाचा पाय मुरगळला तर दुसऱ्याला कॅराव्हॅन घरी आणता आली पाहिजे.

जागा मिळाली की क्रमही ठरलेला असावा. कॅराव्हॅन गाडीला जोडलेली असतानाच आडवी पातळी साधायची, म्हणजे जे चाक खाली आहे त्याच्याखाली फळी किंवा रॅम्प. पाणसळ कॅराव्हॅनच्या आतल्या जमिनीवर ठेवून बघायची, नजरेवर विसंबायचं नाही. मग हँडब्रेक, चाकांना ठोकळे, आणि त्यानंतरच जोडणी सोडायची. पुढची-मागची पातळी जॉकी व्हीलनं साधते. कोपऱ्यांचे पाय शेवटी, फक्त टेकवण्यापुरते. ते जॅक नाहीत. त्यांच्यावर कॅराव्हॅन उचलली तर तळ वाकतो. गॅसवर चालणारा शोषण पद्धतीचा फ्रिज असेल तर पातळी आणखी महत्त्वाची, कलला की तो नीट थंड करत नाही.

आता समुद्र. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोनदा भरती येते, दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटं असतात आणि त्यामुळे भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. भूमध्य समुद्रासारख्या ठिकाणी पाणी फारसं चढत-उतरत नाही, तर मेक्सिकोच्या आखाताच्या बऱ्याच किनाऱ्यांवर दिवसाला एकच भरती असते. म्हणून त्या जागेचंच वेळापत्रक बघायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास आणि त्यानंतरचे एकदोन दिवस उधाण असतं: भरती जास्त वर, ओहोटी जास्त खाली. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा चढउतार कमी. पाणी सारख्या वेगानं चढत नाही हे तर लक्षात ठेवलंच पाहिजे. साधारण सहा तासांत भरती होते असं धरलं, तर पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. कड्याला वळसा घालून पलीकडच्या पुळणीवर चालत गेलेली माणसं अडकतात ती याच दोन तासांत. ओहोटीबरोबर निघा आणि पाणी तळाला पोचण्याआधी परतीला लागा.

मुक्कामाची जागा सखल असेल तर उतरून वाळलेल्या शेवाळाची रेघ शोधायची. शेवटची मोठी भरती तिथवर आली होती. हवेचा दाब उतरला की पाणी आणखी चढतं, प्रत्येक हेक्टोपास्कलमागे सुमारे एक सेंटिमीटर, आणि वारा किनाऱ्याकडे ढकलत असेल तर त्याहून जास्त. उधाण आणि वादळी हवा एकाच दिवशी येत असेल तर आम्ही त्या रेघेच्या बऱ्याच वर राहतो, नजारा गेला तरी चालेल. ओल्या वाळूवर कॅराव्हॅन नेण्याबद्दल मला काहीच सांगायचं नाही. नेऊ नका.

वाऱ्याचं गणित सोपं आहे. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, म्हणून उन्हं वर आली की वारा समुद्राकडून सुटतो आणि दुपारी जोर धरतो. त्यामुळे ओढायचं काम सकाळी उरकावं. कड्याच्या आडोशातून बाहेर येताना, बोगद्यातून निघताना आणि खाडीवरच्या पुलावर आडवा झोत बसतो, तिथे आधीच वेग कमी करायचा. मुक्कामी कॅराव्हॅनचं तोंड वाऱ्याकडे ठेवलं की रात्रभर डुलत नाही. बाजूचं ऑनिंग, म्हणजे कापडी छत, झोपण्याआधी गुंडाळायचं, कितीही शांत वाटलं तरी. हे काम ज्याला आधी झोप येते त्याच्याकडे देऊ नये.

दिशेचाही विचार करा. ज्या देशात गाड्या डावीकडून चालतात तिथे समुद्र डाव्या हाताला येईल असं निघायचं, उजवीकडून चालत असतील तर उजव्या हाताला. समुद्राच्या बाजूच्या थांब्यांत शिरताना मग समोरची रहदारी ओलांडावी लागत नाही, आणि लांबलचक गाडी घेऊन ती ओलांडणं भारी त्रासाचं. किनाऱ्याच्या रस्त्यावर ताशी चाळीस किलोमीटरची सरासरी धरली तर फसगत होत नाही. दिवसाला दीडशे किलोमीटर पुष्कळ झाले. दुपारी चारच्या आत पोचायचं आणि दर तिसऱ्या दिवशी गाडी हलवायचीच नाही.

वीज, गॅस, पाणी थोडक्यात. 100 अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून ती पन्नासचीच समजायची. लिथियमची जवळजवळ पूर्ण वापरता येते. गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर खाली साचतो, त्यासाठी कॅराव्हॅनच्या जमिनीला भोकं ठेवलेली असतात. त्यांच्यावर पायपुसणं टाकू नका. चालत्या गाडीत सिलिंडर बंद. थंडी वाजते म्हणून शेगडी पेटवून ठेवायची नाही, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवल्याशिवाय आत झोपायचं नाही. छताची झडप रात्री बोटभर उघडी ठेवा, नाहीतर दोघांच्या श्वासाचं पाणी पहाटे खिडक्यांवरून ओघळतं. टॉयलेटची टाकी दोघांना दोन-तीन दिवस पुरते. ती रिकामी करणं आळीपाळीनं. या एका कामाला कायमचा धनी नेमू नये. भांड्याचं पाणीही वाळूत ओतायचं नाही.

आत राहायचा नियम एकच: एका वेळी एकानं हलायचं. सकाळी एक जण बाहेर पडतो तेव्हा दुसरा बिछाना गुंडाळतो. दारात पाण्याची परात, पाय बुडवून मगच आत, कारण अंथरुणात गेलेली वाळू परतेपर्यंत निघत नाही. आणि रोज तासभर वेगवेगळं फिरायचं. रुसवा असो नसो, आम्ही फिरतो. त्या तासात तो काय करतो ते मी विचारत नाही, बहुधा मासेमाऱ्यांशी गप्पा मारतो.

समुद्रावरून येणारा खारा तुषार ओलावा धरून ठेवतो आणि लोखंड खात बसतो. मुक्कामाला गोडं पाणी मिळालं की कॅराव्हॅनच्या खालची बाजू, कपलिंग आणि कोपऱ्यांचे पाय धुवायचे. विजेच्या प्लगमध्ये मात्र पाण्याचा फवारा मारायचा नाही, तो कोरड्या फडक्यानं पुसून टोपण लावायचं. बॅटरीच्या टर्मिनलला व्हॅसलीन. घरी परतल्यावर हेच सगळं पुन्हा एकदा, सावकाश, चाकांच्या आतल्या बाजूसकट. मग पाण्याच्या टाक्या आणि नळ रिकामे करायचे, बॅटरी पूर्ण चार्ज करायची, गाद्या उभ्या करून ठेवायच्या आणि फ्रिजचं दार किलकिलं अडकवायचं. सिलिंडर काढून हवेशीर जागी, उभा.