अनोळखी माणसाला घरात आसरा देताना ज्येष्ठांनी या चुका टाळा

सोलापुरात अनोळखी माणूस दाराशी यायला निमित्त बारा महिने असतं. सिव्हिलमध्ये पेशंट दाखल केलेले धाराशिव-कलबुर्गीकडचे नातेवाईक, जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला आलेले, एमआयडीसीत नुकतीच कामाला लागलेली पोरं. सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीला पूर आला तेव्हा काठच्या गावांतली कुटुंबं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. अशांना पथारी टाकायला जागा देणं चांगलंच काम आहे आणि ते बंद पडू नये. पण मुलं पुण्याला किंवा हैदराबादला, घरात दोनच म्हातारी माणसं आणि अंगणाकडची खोली रिकामी, अशा घरात पाहुणा दोन दिवसांसाठी येतो आणि कुणी काही न बोलता त्याचे सहा महिने होतात. बहुतेक भानगडी तिथूनच सुरू होतात.

मुदत न ठरवणं

“राहा रे बाळा, सोय होईपर्यंत” ही सगळ्यात महागात पडणारी चूक. सोय कधी झाली हे तोच ठरवणार! पहिल्याच दिवशी, शेजाऱ्यांसमोर, तारीख सांगा. साध्या कागदावर लिहून घ्या: नाव, मूळ गाव, कोणती खोली, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि “मालकाच्या परवानगीने तात्पुरता राहतो आहे” हे वाक्य. त्याची सही, दोन शेजाऱ्यांच्या साक्षी. फोटो काढून मुलांना व्हॉट्सअॅपवर पाठवा. मुदत वाढवायची तर नवा कागद करा.

याचं कारण असं. परवानगीने राहणारा माणूस कितीही वर्षं राहिला तरी मालक होत नाही. काळजीवाहू किंवा नोकर म्हणून राहणाऱ्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये हे स्पष्ट सांगितलं आहे. मात्र तो परवानगीने राहत होता हे दाखवायला कागद लागतो. तो नसेल तर “मी भाडेकरू आहे, रोखीत भाडं देत होतो” असं म्हणायला तो मोकळा.

आधारच्या झेरॉक्सवर विसंबणं

झेरॉक्सवर नाव आणि फोटो बदलणं अवघड नाही. मूळ कार्डावरचा क्यूआर कोड आधारच्या अधिकृत अॅपमधून स्कॅन करा. पडद्यावर येणारा फोटो आणि नाव समोरच्या माणसाशी जुळलं पाहिजे. त्याने सांगितलेल्या मोबाइल नंबरवर त्याच्यासमोरच रिंग द्या. गाव सांगितलं असेल तर तिथल्या पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना फोन लावा. नंबर त्या माणसाकडून घेऊ नका, ओळखीतून काढा. पेशंटचा नातेवाईक असेल तर केसपेपर मागा: पेशंटचं नाव, वॉर्ड, दाखल झाल्याची तारीख. खरा अडलेला माणूस यात अपमान मानत नाही.

चार दिवसांपेक्षा जास्त राहणार असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर माहिती भरा. पोचपावती जपून ठेवा.

भाडं घ्यायचं, पण करार नोंदवायचा नाही

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, अकरा महिन्यांचा असला तरी. जबाबदारी घरमालकाची, न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वर, वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल तेच धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. पाचशे रुपयांच्या स्टॅम्पवरचं नोटरी केलेलं भाडेपत्र इथे पुरत नाही.

वेगळं दार असलेली खोली कुणाला महिनोन्‌महिने द्यायची असेल तर फुकट देण्यापेक्षा थोडं शुल्क घेऊन लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा करार, नोंदवा. कारण याच कायद्याच्या कलम 24 मध्ये मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) अर्ज करून खोली परत मिळवता येते आणि न सोडल्यास दुप्पट शुल्काने भरपाई मागता येते. फुकट राहणारा त्या कायद्याच्या लायसन्सीच्या (शुल्क देऊन परवानगीने राहणाऱ्याच्या) व्याख्येत बसत नाही, मग दिवाणी दावा हाच मार्ग उरतो. खर्च फार नाही. महिना 4000 रुपयांनी अकरा महिन्यांचे 44000 झाले. त्यावर आणि अनामत असल्यास तिच्या 10% वार्षिक व्याजावर मुद्रांक शुल्क 0.25%, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी 1000 रुपये.

पाणी भरता भरता किल्ली देणं

नळ रोज येत नाही, येतो तोही अवेळी. हौद भरायचा, मोटर लावायची, गच्चीवरच्या टाकीचा कॉक फिरवायचा. हे काम पाहुण्याने अंगावर घेतलं की जिवाला हायसं वाटतं. मग गॅसची टाकी, मग औषधं, मग “काकू, पेन्शन मीच काढून आणतो की.” यातली मदत बऱ्याचदा खरीच असते. पण एटीएमचा पिन, ओटीपी आणि कपाटाची किल्ली त्या रांगेत कधीच येऊ देऊ नका. हौदाच्या आणि जिन्याच्या किल्लीचा जुडगा वेगळा करा. दागिने आणि घराचे मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये. झोपायच्या खोलीला आतून कडी हवी. उन्हाळ्यात गच्चीवर झोपत असाल तर खालचं दार कुलूपबंद.

पत्ता वापरू देणं, कोऱ्या कागदावर सही करणं

गॅस, रेशन कार्ड किंवा आधारवर तुमचा पत्ता लावू देण्याआधी मुलांना आणि वकिलांना विचारा. मुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद) आणि बक्षीसपत्र (मालमत्ता मोफत देऊन टाकण्याचा कागद) चष्मा लावून, घरच्या माणसासमोर वाचल्याशिवाय सही नाही. सांभाळण्याच्या बोलीवर घर लिहून दिलं असेल आणि समोरच्याने तोंड फिरवलं, तर ज्येष्ठ नागरिक कायदा, 2007 च्या कलम 23 खाली न्यायाधिकरणाकडून ते रद्द करून घेता येतं. त्यासाठी सांभाळण्याची अट दस्तातच लिहिलेली असू द्या.

तो जात नाही म्हणून सामान बाहेर फेकणं

रागाच्या भरात कुलूप बदललं तर ताब्यातून बेकायदा काढल्याचा दावा तो सहा महिन्यांच्या आत करू शकतो, आणि त्या दाव्यात मालकी कुणाची हा मुद्दाच येत नाही. भाडेकरूचं पाणी किंवा वीज तोडणं हाही गुन्हा आहे. आधी परवानगी संपल्याची लेखी नोटीस, पोचपावतीसह स्पीड पोस्टाने. मग वकील. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. धमकी किंवा मारहाण झाली तर नोटिशीची वाट न बघता 112. सल्ल्यासाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567.

रात्री-अपरात्री आलेल्याला घरात घ्यायला मन धजत नसेल तर जाळीच्या दारातूनच बोला. बाईमाणूस असेल तर 181, एकटं लेकरू असेल तर 1098 लावून द्या. पाणी आणि पोळी-भाजी जाळीतूनही देता येते.