रेशनचा तांदूळ आणि आपला शब्द

पोषणशास्त्राची पदवी घेऊन किंवा समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे रुजू होणाऱ्यांना एक प्रश्न हमखास विचारला जातो: "ताई, रेशनच्या तांदळात प्लास्टिक येतं का?" या प्रश्नाला तुम्ही कसे उत्तर देता, यावरच पुढे लसीकरणापासून लोहाच्या गोळ्यांपर्यंत तुमचे किती ऐकले जाईल हे बरेचसे ठरते, असा माझा अनुभव आहे.

हा प्रश्न अडाणीपणातून येत नाही. हा धान पिकवणारा मुलूख आहे. इथल्या बाईला तांदूळ निवडताना वेगळा दाणा चटकन दिसतो आणि तो खरोखरच वेगळा असतो. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-12 जीवनसत्त्व मिसळून यंत्रातून तांदळाच्या आकाराचे दाणे काढतात आणि साध्या तांदळात साधारण शंभरास एक या प्रमाणात ते मिसळतात; यालाच पोषणयुक्त (फोर्टिफाइड) तांदूळ म्हणतात. त्यांचा रंग किंचित निराळा असतो, धुताना काही दाणे वर तरंगतात आणि अनेक घरांत ते खोटे समजून वेचून फेकले जातात. म्हणून "ही अफवा आहे" या वाक्याने सुरुवात करू नका. आधी "तुम्हाला दिसले ते बरोबर आहे" असे म्हणा, ते दाणे त्यांच्यासमोर शिजवून बोटांनी कुस्करून दाखवा आणि मग ते कशाचे बनतात ते सांगा. ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिनाला आशाताई आणि अंगणवाडीसेविका यांनी हे स्वतः करून दाखवले, तर त्याचा परिणाम कोणत्याही भित्तिपत्रकापेक्षा अधिक होतो, कारण त्यांच्या घरीही तोच तांदूळ शिजतो.

यापुढचा भाग अधिक अवघड आहे. सरकारी योजनांतून असा तांदूळ देण्याची घोषणा 15 ऑगस्ट 2021 रोजी झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातील 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या होत्या, त्यामुळे या घोषणेचा हेतू समजण्याजोगा आहे. परंतु तांदळाचे गुणगान करताना हिशेब सोडू नये. किलोमागे 28 ते 42.5 मिलिग्रॅम लोह असे मानक आहे, म्हणजे दिवसाला 150 ग्रॅम तांदूळ खाणाऱ्या स्त्रीला त्यातून सुमारे 4 ते 6 मिलिग्रॅम लोह मिळते, तर गरोदरपणातील एका गोळीत 60 मिलिग्रॅम असते. तांदळामुळे गोळी बंद करता येत नाही, हे स्पष्ट सांगितलेच पाहिजे.

याच पट्ट्यात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण आहेत. लोहयुक्त तांदळाच्या पिशवीवर सिकलसेल व थॅलेसेमिया (असाच आणखी एक आनुवंशिक रक्तविकार) यांच्या रुग्णांसाठी सूचना छापणे पूर्वी बंधनकारक होते आणि पुढे शास्त्रीय आढाव्यानंतर ती वगळण्यात आली. ज्याने जुनी पिशवी वाचली आहे, तो तुम्हाला विचारणारच. वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या रुग्णाच्या शरीरात लोह साचू शकते, म्हणून त्याच्या आहाराचा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी घ्यावा, असे मी सांगते. "सगळ्यांना चालते" एवढेच सांगून विषय संपवणे मला अत्यंत गैर वाटते, कारण त्या घरातले आजारपण त्या लोकांनी आपल्याहून जवळून पाहिलेले असते.

कंपन्यांच्या भेटवस्तूंबाबत थोडक्यात सांगते. बाळाच्या दुधाच्या पावडरीच्या उत्पादकांनी आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटी देण्यास 1992 च्या कायद्याने मनाई आहे. इतर अन्नपदार्थांच्या बाबतीतही तोच दंडक स्वतःला लावून घ्यावा. टेबलावरच्या कॅलेंडरवर बिस्किटाचे नाव असेल, तर आपला सल्ला कोणाचा, हा प्रश्न समोरच्याच्या मनात येणारच.

आणि प्रत्येक तक्रार गैरसमजातून येत नाही. तांदूळ कुबट, किडका किंवा ओला आला असेल, तर लोकांची समजूत काढत बसू नका. दुकानाचे नाव व तारीख लिहून घ्या, पुरवठा विभागाला कळवा आणि भेसळीचा संशय असल्यास अन्न व औषध प्रशासनाच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. त्यांनी नमुना घेतला, तर अन्न विश्लेषकाने 14 दिवसांत अहवाल देणे कायद्याने अपेक्षित आहे. तो अहवाल कोणत्याही बाजूचा आला, तरी ज्या बाईने तक्रार केली तिला तो स्वतः जाऊन वाचून दाखवा.