किल्ल्याखालचं तळघर: जुन्या धाटणीचा रोलप्लेइंग गेम घरी, मराठीत कसा मांडावा

शाळेची चौकटीची वही, दोन पेन्सिली, खोडरबर, ल्युडोच्या डब्यातले फासे आणि चार माणसं. जुन्या धाटणीचा फॅन्टसी रोलप्लेइंग गेम सुरू करायला एवढं पुरतं. ग्वाल्हेरात, लष्कर या भागातल्या आमच्या घरी, तो दर रविवारी दुपारी मांडला जातो. मे महिन्यात इथे अकरानंतर दारं-खिडक्या लावून कूलरपुढे बसण्याशिवाय इलाज नसतो. त्या दुपारच्या वेळात आम्ही कितीतरी तळघरं पालथी घातली आहेत. खेळणारे चौघं: मामेभाऊ, वहिनी, नववीतली भाची आणि शेजारचे काका, बँकेतून रोखपाल म्हणून निवृत्त झालेले. यांच्यापैकी कुणी असा खेळ आधी पाहिलासुद्धा नव्हता.

खेळ असा. पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण जग सांभाळतो, म्हणजे समोर काय दिसतं, काय ऐकू येतं, कसला वास येतो ते सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करतं ते बोलून दाखवतात. निकाल आधी सांगता येत नाही आणि चुकलं तर किंमत मोजावी लागेल, अशा ठिकाणीच फासे पडतात. उरलेला सगळा खेळ बोलण्याचा आहे. म्हणून तो आपल्या भाषेत खेळता येतो, आणि माझं स्पष्ट मत आहे की आपल्याच भाषेत खेळावा. इथली आपली मुलं शाळेत हिंदी-इंग्रजी बोलतात, महाराज बाड्याच्या बाजारात हिंदी. मराठी उरते जेवणाखाण्यापुरती. या खेळात त्यांना मराठीत घासाघीस करावी लागते, धमकी द्यावी लागते, गयावया करावी लागते. भाचीच्या तोंडून 'वाट लागली', 'पाय घसरला तर खड्डा किती खोल आहे, मामा?' असं आपसूक येऊ लागलं, ते इथेच.

नियम कुठले घ्यावेत

थोडा इतिहास लागेल, नाहीतर इतक्या नावांत गोंधळ उडतो. १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा गावातून 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' बाहेर पडला. कर्ते दोघं: गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. एका खोक्यात तीन बारीक पुस्तिका होत्या. दोघंही खेळण्यातल्या छोट्या सैनिकांच्या लढाया टेबलावर मांडणारे. अख्ख्या पलटणीऐवजी एकेका माणसाने एकच वीर सांभाळायचा आणि मैदानाऐवजी भुयारात शिरायचं, इथून नवा खेळ जन्मला. १९८१ च्या प्राथमिक आवृत्तीचं पुस्तक ६४ पानांचं होतं. पुढच्या आवृत्त्या जाड होत गेल्या, नियम वाढत गेले.

२००० साली नियमांचा गाभा, कुणालाही वापरता येईल अशा खुल्या परवान्याखाली आला. त्याच आधारावर २००६ पासून जुन्या खेळाचे चाहते जुने नियम नव्याने लिहू लागले: ओस्रिक, बेसिक फॅन्टसी, लॅबिरिन्थ लॉर्ड, स्वोर्ड्स अँड विझर्ड्री. २०१२-१३ मध्ये हक्कदार कंपनीनेही जुनी पुस्तकं पुन्हा छापली. २०१९ च्या 'ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स'ने १९८१ चे नियम इतके नेटके मांडले की हवी ती गोष्ट उघडल्या पानावर सापडते. २०२३ मध्ये 'शॅडोडार्क' हा त्याच धाटणीचा नवा खेळ आला. पन्नास वर्षांपूर्वीचा खेळ आज पहिल्यापेक्षा सहज हाती येतो, याचा मला फार आनंद आहे.

पहिल्यांदा खेळणाऱ्यांनी मात्र 'केअर्न' घ्यावा. नियम मोफत उतरवून घेता येतात, आणि दुपारच्या जेवणानंतर वाचायला घेतले तर चहापर्यंत संपतात. त्याचा परवानाही असा आहे की मूळ कर्त्याचं नाव देऊन, तोच परवाना पुढे ठेवून कुणीही भाषांतर करून वाटू शकतो. म्हणजे मराठी केअर्न करायला कुणाची परवानगी मागायला नको. घरात फक्त सहा बाजूंचे फासे असतील आणि दुसरे आणायचेच नसतील तर १९७५ चा 'टनेल्स अँड ट्रोल्स' आहे. तो साध्या फाशांवरच चालतो. मंडळ जमलं, सहा-आठ महिने टिकलं, की मग ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स विकत घ्या. आधी नको.

फासे

चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचे फासे लागतात. सात फाशांचा संच (त्यात दहा बाजूंचे दोन) ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो. तोवर थांबू नका. १९७९ च्या सुमारास फाशांचा तुटवडा पडला तेव्हा खुद्द मूळ कंपनीने खोक्यात फाशांऐवजी आकड्यांच्या चकत्या घातल्या होत्या. आपण तर राजा-राणी-चोर-शिपाई खेळत वाढलेली माणसं. १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या करा, रिकाम्या डब्यात टाका, हलवा, एक उचला, वाचून परत आत टाका. परत टाकायला विसरू नका, नाहीतर शक्यतांचं गणित बिघडतं.

दहा बाजूंच्या फाशावर ० ते ९ आकडे असतात आणि ० पडलं की १० धरायचं. हे सांगताना मी दर वेळी किल्ल्याच्या चढावरच्या चतुर्भुज मंदिराची आठवण काढतो. तिथल्या इ. स. ८७६ च्या शिलालेखात २७० आणि ५० हे आकडे शून्यासकट कोरलेले आहेत, बागेची लांबी २७० हात आणि रोजच्या ५० माळा. आपल्याच गावच्या दगडावरचं शून्य हातात खुळखुळतंय, हे भाचीला इतकं आवडलं की तो फासा ती दुसऱ्या कुणाला देत नाही.

पात्र आणि त्याचे शब्द

केअर्नमध्ये तीन गुण असतात. आम्ही त्यांना बळ, चपळाई आणि जिद्द म्हणतो. प्रत्येकासाठी तीन सहा-बाजूंचे फासे टाकून बेरीज लिहायची, हवं तर कुठल्याही दोन बेरजांची अदलाबदल करायची. संकट आलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा गुणाइतका किंवा त्याहून कमी पडला तर निभावलं.

चौथा आकडा म्हणजे घाव चुकवण्याची ताकद, सुरुवातीला एका सहा-बाजूंच्या फाशाइतकी. मूळ इंग्रजी अक्षरं एचपी, म्हणजे हिट प्रोटेक्शन. त्याला 'आयुष्य' म्हणू नका, अर्थ चुकतो. आम्ही 'दम' म्हणतो. दम संपला की पुढचा मार बळातून वजा होतो आणि तिथून खरी भीती सुरू होते. घडीभर बसून पाणी प्यायलं की दम परत येतो, हेही शब्दाला शोभतं.

सामानाला दहा खण. बहुतेक वस्तू एका खणात, अवजड वस्तू दोन खणांत. दहाही भरले तर दम शून्यावर येतो. त्यामुळे दोरी घ्यायची की जास्तीची मशाल, यावर आमच्याकडे दहा-दहा मिनिटं खल चालतो आणि तो खेळाचाच भाग आहे, घाई करू नका. जग सांभाळणाऱ्याला आम्ही 'सूत्रधार' म्हणतो. नाटकाच्या घरात वाढलेल्यांना दुसरा शब्द सुचूच नये.

तळघर कसं आखावं

इथे वेळ द्या. एका सकाळी, ऊन चढायच्या आत, किल्ल्यावर जा आणि मानमंदिर बघा. मानसिंह तोमराने बांधलेल्या या महालाचे दोन मजले जमिनीखाली आहेत. अरुंद जिना, खाली खांबांचं गोल दालन, आणि उजेड एकदम तुटतो. पुढे मुघलांनी इथे कैदी ठेवले. तळघरात शिरताना अंगावर काय येतं ते कुठलंही पुस्तक सांगू शकत नाही. तुम्ही ते पायांनी घेऊन या. हाताला भिंत कशी लागली, पावलांचा आवाज कसा परतला, वटवाघळांचा वास कुठून सुरू झाला, हे घरी आल्या आल्या लिहून काढा. रविवारी तुम्हाला हेच बोलायचं आहे.

मग खजिना. शिंद्यांचा खजिना किल्ल्याच्या गुप्त तळघरांत ठेवलेला होता, त्याला 'गंगाजळी' म्हणत, आणि तिथे पोचायची गुप्त खूण म्हणजे 'बीजक'. जयाजीराव १८८६ साली गेले तेव्हा वारस माधवराव लहान होते, आणि बीजक कुणाला सांगायचं राहून गेलं, अशी गोष्ट आपल्या प्रत्येक आजीने सांगितलेली आहे. वर्तमानपत्रात आज परकीय चलनाची गंगाजळी वाचतो, तोच हा शब्द. पहिल्या खेळाला याहून चांगला हेतू कुठला? बीजकाचा अर्धा कागद खेळाडूंच्या हाती द्या, उरलेला अर्धा तळघरात ठेवा.

आता चौकटीच्या वहीवर दहा-बारा खोल्या काढा. एक चौकोन म्हणजे दहा फूट. वाटा गोल फिरून एकमेकींना मिळू द्या. एकामागे एक ओळीने खोल्या असल्या तर खेळाडूंना निवडायला काही उरत नाही. आत शिरायला दोन तोंडं ठेवा, दुसरं पडक्या बावडीतून. खोल्यांत काय ठेवायचं यासाठी १९८१ चा तोडगा अजून चोख आहे. प्रत्येक खोलीला एक फासा टाका: १-२ आलं तर कुणीतरी राहतं, ३ आलं तर सापळा, ४ आलं तर काहीतरी विलक्षण, ५-६ आलं तर रिकामी. रिकाम्या खोल्या भरायचा मोह आवरा. दोन रिकाम्या खोल्यांनंतर तिसरं दार उघडताना हात थबकतो, ती भीती त्या रिकाम्या खोल्यांनीच कमावलेली असते.

ऑर्क आणि गॉब्लिन हे विलायती राक्षस आणायची गरज नाही. आपल्याकडे वेताळ आहे, खवीस आहे, हडळ आहे, वाट विसरायला लावणारा चकवा आहे. यांना प्रत्येकाला काहीतरी हवं असतं, आणि ते खेळाडूंना लहानपणापासून ठाऊक असतं.

प्रत्यक्ष खेळताना

भेट झाली की लगेच लढाई लावू नका. दोन सहा-बाजूंचे फासे टाका. २ आलं तर समोरचा वैरी. ३ ते ५ सावध. ६ ते ८ कुतूहलाने बघणारा. ९ ते ११ मायाळू. १२ आलं तर स्वतःहून मदत करणारा. या एका तक्त्यावर माझा सर्वांत जास्त जीव आहे.

आमच्या तळघरात सातव्या खोलीत, छत फोडून उतरलेल्या पिंपळाच्या मुळांत, एक मुंजा होता. माझ्या वहीत एवढंच लिहिलेलं: 'मुंजा. दार अडवतो.' फासे पडले १०. मामेभाऊ तलवारीला हात घालत होता. वहिनींनी त्याला थांबवलं आणि मुंजालाच विचारलं, "काय रे बाळा, तुझी सोडमुंज राहिली का?"

हे कुठल्याही नियमात नाही. मुंज झाली आणि सोडमुंजीआधी मुलगा गेला तर त्याचा मुंजा होतो, हे वहिनींना माहेरच्या गोष्टींतून माहीत. मी फासे टाकायला सांगितले नाहीत. सूत्रधाराने इथे फासे मागितले तर तो मोठा अन्याय होईल. खेळाडूने अचूक ठिकाणी हात घातला की ते घडू द्यायचं. मुंजाने दार सोडलं, पण कबूल करून घेतलं की वर गेल्यावर सोडमुंज करायची. काकांनी सामग्रीचा खर्च लगेच कागदावर मांडला. पुढचे दोन रविवार त्यातच गेले.

याच कारणासाठी माहिती लपवू नका. सापळा असेल तर फरशीवरची ओरखड्यांची खूण सांगून टाका. पहिल्याच खेळात मी पुढे जायची एकुलती एक वाट चोरदारामागे ठेवली आणि ते दार सापडणं फाशावर सोडलं. कुणालाच आकडा पडला नाही, खेळ अर्धा तास तिथेच अडला. आता मी सांगतो की या भिंतीजवळ दिव्याची ज्योत हलते आहे. का हलते, ते त्यांनी शोधावं.

वेळ मोजायला काडेपेटी घ्या. जुन्या नियमांत दहा मिनिटांचा एक फेरा आणि मशाल सहा फेरे टिकते. मशाल पेटली की सहा काड्या मांडा. खोली धुंडाळली, कुलूप उचकटलं, वाद घातला, की एक काडी उचला. दर दोन फेऱ्यांनी एक सहा-बाजूंचा फासा टाका. १ आलं तर कुणीतरी फिरत फिरत तिथे येतं. शेवटची काडी उरते तेव्हा खोलीत कूलरचा आवाजसुद्धा मोठा वाटतो.

पात्र मरतं. ते मरू द्या, फासे खोटे वाचू नका. पाच मिनिटांत नवं पात्र तयार होतं, आणि ते पुढच्या खोलीत बांधून ठेवलेलं सापडलं की खेळ सुरू. लहान मुलं असतील तर आधीच सांगून ठेवा की पळून जाणं हीसुद्धा चाल आहे. जुन्या नियमांत तर बाहेर आणलेल्या दर मोहरेमागे पात्राची पातळी वाढवणारा एक अनुभव-गुण मिळतो, म्हणजे न लढता खजिना आणणारा लढणाऱ्यापेक्षा सरस ठरतो. काकांना हे फार पटलं आहे.

तीन तासांवर ताणू नका. सगळे बाहेर पडलेले, निदान जिन्याशी पोचलेले असताना थांबा. खेळाडूंनी काढलेला नकाशा त्यांच्याच एका माणसाकडे द्या, तो चुकीचा असला तरी दुरुस्त करू नका. वहीच्या शेवटच्या पानावर तीन गोष्टी लिहा: कुणाचं बळ किती उरलं, मशाली किती, आणि कुणाला काय कबूल केलंय. आमच्या त्या पानावर अजून 'सोडमुंज, गुरुजी शोधणे' असं भाचीच्या अक्षरात आहे.