आजोबांच्या दाढीच्या ब्रशाचा जुना दांडा पुन्हा कसा उजळावा

बेळगावात फौजी घरं गल्लोगल्ली आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र शहरातच आहे, त्यामुळे निवृत्त सुभेदार-हवालदारांच्या लोखंडी ट्रंका आमच्याकडे माळ्यावर हमखास सापडतात. त्यात दाढीचं सामान असतं आणि त्यातला ब्रश बहुतेक वेळा केस झडलेला, दांडा पिवळा पडलेला असा मिळतो. तो भंगारात देऊ नका. केस नवे बसवता येतात. दांडा मात्र तसा पुन्हा मिळणार नाही.

पहिलं काम रंगाचं नाही, दांडा कशाचा आहे ते ओळखायचं. सगळं यश-अपयश इथेच ठरतं. अंगठ्याने दांडा जोरात घासून गरम करा किंवा कोमट पाण्यात क्षणभर बुडवा आणि लगेच वास घ्या. आरतीच्या कापरासारखा वास आला तर तो सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं चटकन पेटणारं प्लॅस्टिक. कार्बोलिक साबणासारखा उग्र वास आला तर बेकेलाइट (हेही जुनं, कडक प्लॅस्टिक) किंवा त्याच जातीचं, साच्यात ओतलेलं रेझिन. केस जळल्यासारखा वास येत असेल आणि आत बारीक रेषांचे थर दिसत असतील तर शिंग. लाकूड वजनावरून आणि बुडाच्या रेषांवरून कळतं. काहीजण तापलेली सुई टोचून बघायला सांगतात. ते कधीही करू नका, सेल्युलॉइड भडकन पेट घेतं.

मी सुरुवातीला वास न घेताच एका क्रीम रंगाच्या दांड्यावरून थिनरचा बोळा फिरवला. तो सेल्युलॉइड निघाला. पृष्ठभाग चिकट झाला, बोटांचे ठसे कायमचे उमटले. त्या ब्रशाचं मला आजही वाईट वाटतं. सेल्युलॉइडला थिनर, अ‍ॅसिटोन, उकळतं पाणी आणि मशीनवरचं पॉलिश, चारही वर्ज्य.

आता धुणं. केस राखायचे असतील तर त्यांवर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधा. जुना टूथब्रश आणि कोमट साबणपाण्याने दांडा घासा, अक्षरांत अडकलेला साबण टूथपिकने काढा. शिंगाला आणि लाकडाला पाण्यात भिजत ठेवू नका, दोन्ही फुगून तडकतात. केस फार जुने आणि कुठले ते माहीत नसेल तर ते काढूनच टाका. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांच्या अशुद्ध ब्रशांतून अँथ्रॅक्स, म्हणजे आपल्याकडे जनावरांना होणारी काळपुळी, माणसांना झाल्याची उदाहरणं इंग्लंड-अमेरिकेत आहेत. त्यानंतरच्या कित्येक दांड्यांवर केस निर्जंतुक केल्याचा शिक्का दिसतो.

बेकेलाइट १९०७ सालचा शोध. तो बहुधा काळा किंवा तपकिरी असतो, कारण त्यात लाकडाचा भुगा मिसळलेला असे. ओतीव रेझिनचा पांढरा दांडा मात्र उजेडाने आणि हवेने मधासारखा पिवळा होतो. तो पिवळेपणा वरच्या पातळ थरातच असतो. घासला तर खालून पांढरा निघतो आणि काही वर्षांनी पुन्हा पिवळा पडतो. माझं मत विचाराल तर तो राखा. ती त्या वस्तूची कमावलेली कांती आहे. ओरखडे असतील तेवढ्यापुरता वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) वापरा: ६०० नंबरचा, मग १०००, १५००, २०००, प्रत्येक वेळी पाणी लावून, कारण कोरडी धूळ छातीत जाणं वाईट. शेवटी मऊ फडक्यावर धातू उजळायचं पॉलिश. अक्षरांवरून पेपर फिरवू नका, उथळ कोरीव काम दोन मिनिटांत पुसलं जातं.

खरा रंग दोन ठिकाणी लागतो: कोरलेल्या अक्षरांत आणि लाकडी दांड्यावर.

अक्षरांसाठी सेल्युलॉइडवर पाण्यातला अ‍ॅक्रिलिक रंग, बाकीच्यांवर ऑइल पेंट. टूथपिकच्या टोकाने रंग खाचेत दाबा, एक-दोन मिनिटं थांबा, मग जाड पुठ्ठ्यावर ताणून गुंडाळलेलं फडकं सपाट फिरवा. मऊ बोळा नको, तो खाचेतला रंगही उचलून नेतो.

लाकडी दांड्याचा जुना रंग ३२० च्या वॉटर पेपरने ओलाच उतरवा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तोंडावर मास्क, खाली वर्तमानपत्र, आणि मुलांना जवळ येऊ देऊ नका. सावलीत दोन दिवस वाळवा. भेगांत अ‍ॅराल्डाइटमध्ये (दोन ट्यूबमधला मिसळून वापरायचा गोंद) कालवलेला लाकडाचा भुसा भरा, प्रायमरचा एक हात द्या, हलकं घासा, मग रंगाचे तीन पातळ हात, प्रत्येकाच्या मध्ये एक दिवस. आमच्याकडे दुकानात ‘बण्ण’ (कानडीत रंग) म्हटलं की दुकानदार भिंतीचा रंग पुढे करतो, तेव्हा लाकडाचा ऑइल पेंट असं स्पष्ट सांगा. केसांच्या भोकात पट्टी गुंडाळलेली पेन्सिल अडकवून तांदळाच्या डब्यात उभी केली की दांडा न हात लावता वाळतो.

सावंतवाडीच्या खेळण्यांवरची लाखेची झळाळी बघून अनेकांना चपडी (लाखेचं पॉलिश) लावायचा मोह होतो. इथे ती नको. गरम पाणी आणि साबण लागला की चपडी पांढुरकी पडते. वर पारदर्शक पॉलियुरेथेनचे दोन हात द्या. आणि खानापूर, कणकुंबीकडच्या पावसाळ्यात रंग लावूच नका. हवेतली ओल रंगाला सुकू देत नाही. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस सगळ्यात चांगले.

नवा केसांचा गुच्छ घेताना भोक मोजा. २० ते २४ मिलिमीटरचे गुच्छ सहज मिळतात. जुना गुच्छ करवतीने कापून भोक साफ करायचं काम रंगाआधीच उरका; उद्यमबागेतला (बेळगावची औद्योगिक वसाहत) कुणीही लेथवाला ते नीट करून देईल, सेल्युलॉइड असेल तर तसं आधी सांगा आणि हातानेच करायला सांगा. गुच्छ अ‍ॅराल्डाइटने बसवा, २४ तास हलवू नका. रंग आतून पक्का व्हायला मात्र एक आठवडा लागतो, तोवर ब्रशाला पाणी दाखवू नका.