एफएम मॉड्यूल गप्प आहे? चिप मेली म्हणण्याआधी या चुका टाळा

आरडीए ५८०७ एम हे एफएम रेडिओ पकडणारं मॉड्यूल (चिप बसवलेली छोटी पट्टी) नखाएवढं असतं. जोडलं आणि आवाज आला नाही की पहिला निष्कर्ष ठरलेला: "चिप उडाली." बहुतेक वेळा ती शाबूत असते, म्हणून फेकू नका.

खरोखर मारणारी चूक एकच, ५ व्होल्ट. या चिपला ३.३ व्होल्ट पुरतात, ३.६ च्या वर जायचंच नाही. माझं पहिलं मॉड्यूल असंच गेलं. सप्लाय ३.३ चा दिला, तरी मॉड्यूल चालवणाऱ्या आर्डुइनो ऊनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या एसडीए आणि एससीएल लाइन (चिपशी बोलण्याच्या डेटा आणि क्लॉकच्या दोन तारा) ५ व्होल्टच्याच असतात. मध्ये ५ चे ३.३ करणारा लेव्हल शिफ्टर टाका, नाहीतर सरळ ३.३ वर चालणारा ईएसपी ३२ बोर्ड घ्या.

मॉड्यूलच्या पिनांमध्ये २ मिलिमीटर अंतर असतं, ब्रेडबोर्डच्या (सोल्डर न करता जोडणीच्या पाटीच्या) भोकांत २.५४. ओढूनताणून बसवू नका, बारीक वायरी सोल्डर करा.

मग बोर्डावर आय-टू-सी स्कॅनर चालवा, म्हणजे त्या दोन तारांवर कोणत्या चिप उत्तर देतात ते दाखवणारा छोटा प्रोग्रॅम. १०, ११ आणि ६० असे तीन हेक्स पत्ते दिसले तर गोंधळू नका, चिप एकच आहे. ६० हा टीईए ५७६७ या जुन्या रेडिओ चिपसारखं वागण्यासाठी ठेवलेला पत्ता. पत्ते दिसले म्हणजे चिप जिवंत आहे. काहीच दिसलं नाही तर एसडीए-एससीएलची अदलाबदल झाली आहे का ते आधी बघा.

पत्ते दिसतात पण आवाज नाही? इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. चालू होताना ही चिप म्यूटच असते. ०२ क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये (चिपमधल्या सेटिंगच्या खान्यात, ज्यातला प्रत्येक बिट ० किंवा १ असतो) बिट ० ने चिप जागी होते, बिट १४ ने म्यूट निघतो आणि बिट १५ ने ऑडिओ आउटपुट खुलं होतं. तिन्ही १ हवेत.

स्टेशनचा हिशोबही नीट करा. चिपला स्टेशन चॅनेल क्रमांकाने सांगावं लागतं. बँड ८७ मेगाहर्ट्झपासून ०.१ च्या टप्प्यांनी मोजतात, ८७.५ पासून नाही. पुण्याचं विविध भारती १०१ मेगाहर्ट्झवर आहे: १०१ वजा ८७ म्हणजे १४, भागिले ०.१, चॅनेल १४०. ८७.५ धरलंत तर १३५ येतो, रेडिओ १००.५ वर जाऊन बसतो आणि नुसती खरखर ऐकू येते. चॅनेल लिहिताना त्या स्टेशनवर जायला सांगणारा ट्यून बिटही १ करा.

आवाज येतोय पण दबका वाटतोय? डी-एम्फसिस (प्रसारणात वाढवलेले वरचे सूर रेडिओत परत कमी करणं) मुळात ७५ मायक्रोसेकंदांवर असतो, आपल्याकडे ५० लागतो. ०४ रजिस्टरचा बिट ११ हा १ करा, गाण्यातले झांजा-घुंगरू लगेच मोकळे होतात.

आउटपुट ३२ ओहमच्या इअरफोनसाठी आहे. ८ ओहमचा स्पीकर थेट लावू नका, मध्ये पीएएम ८४०३ सारखा अ‍ॅम्प्लिफायर हवा.

अँटेनाला ७५ सेंटिमीटर वायर द्या, खिडकीशी उभी सोडा. तरीही घरघर राहिली तर लॅपटॉपचा चार्जर काढून फक्त बॅटरीवर चालवा आणि टेबलावरचा एलईडी दिवा बंद करा. माझ्याकडे दिवा विझवल्याबरोबर घरघर थांबली होती.