स्वतःचं गाणं लिहून स्वतःच गायचंय? मग हे वाचा

गिटार येते, दुसऱ्यांची गाणी वाजवून कंटाळा आलाय, पण स्वतःचं लिहायला बसलं की काही सुचत नाही, असे लोक आपल्या इंदुरात ढिगाने भेटतात. तर आधी घाई सोडा. अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनच्या 1962 च्या पहिल्या अल्बममध्ये 13 पैकी फक्त 2 गाणी त्याची होती, बाकी सगळी इतरांची किंवा परंपरेतली. तेव्हा तिकडेही लिहिणारा वेगळा नि गाणारा वेगळा असाच धंदा जास्त चालायचा, कॅरोल किंग साठच्या दशकात दुसऱ्यांसाठी हिट लिहीत होती आणि मग 1971 ला स्वतःच्या आवाजात अल्बम काढला तर तो अमेरिकेत 15 आठवडे एक नंबरवर. म्हणजे लोकांची गाणी नीट बसवा, चाल कुठे वळते ते बघा, मग पेन उचला.

विषय छोटा घ्या. ‘जीवन’ वगैरे तर अजिबात नको. सराफ्यात, म्हणजे आपल्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला मसालेदार कंद) खाताय, हात मसाल्याने माखलेत, फोन वाजतोय, तिचाच आहे आणि उचलता येत नाहीये, बस, एवढ्यात गाणं होतं. भाषा घरी बोलता तीच, मधे हिंदी आलं तर येऊ द्या, पुण्याचं कोणी नाक मुरडेल तर मुरडू दे.

आता गिटार. कॅनडाची गायिका-गीतकार जोनी मिचेल, तिला लहानपणी पोलिओ झाला, डावा हात कमजोर राहिला, म्हणून ती तारा वेगळ्या लावून वाजवायची. तुम्ही पण करून बघा: सहावी, पाचवी आणि पहिली तार दोन-दोन फ्रेट खाली उतरवा. आता काहीच न दाबता सगळ्या तारा छेडल्या की जी कॉर्ड, पाचव्या फ्रेटवर एक बोट आडवं ठेवलं की सी, सातव्यावर डी. एका बोटात अख्खं गाणं, आणि डोकं शब्दांसाठी मोकळं! पट्टी फार खाली वाटली तर कॅपो (तारांवर बसवायचा चिमटा) लावा.

लांब सुरावर दीर्घ अक्षर आणा, ‘गराडू’तला डू मस्त खेचता येतो, ‘फक्त’ खेचून बघा, स्वतःलाच हसाल. चाल सुचली की लगेच फोनमध्ये गुणगुणून ठेवा, सकाळी आठवत नाही.

पहिल्यांदा गायचं तर कॅफेतल्या ओपन माइकपेक्षा गणपतीतला कॉलनीचा कार्यक्रम बरा, कॅफेत सगळे मित्र टाळ्या वाजवतात, इथे काकू तोंडावर सांगतात की दुसरं कडवं काही कळलं नाही रे. त्यांना अर्थ समजावत बसू नका, कडवं बदला.